बेघरांसाठीचे कायदे: मुलांच्या वाट्याला काय आलं?

दिल्ली, इंदूर, बडोदा, हैदराबाद, तुम्ही कुठल्याही शहरात असा, उड्डाणपुलाखाली पेटलेली चूल आणि तिच्याशेजारी निजलेलं पोर तुम्ही पाहिलं असेलच. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघरांची नोंद झाली. त्यांच्यासाठी झालेल्या कायद्यांनी मुलांचं काय केलं, ते आज पाहू.

सुरुवात १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यापासून करू. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि माणूस सार्वजनिक जागी असा वावरतो की भीक मागून जगत असावा, एवढंही त्याला भिकारी ठरवायला पुरे. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. मग त्या बाईच्या मुलाचं काय? पाच वर्षांच्या आतलं असेल तर ते आईजवळ राहू शकतं. पाच उलटली की त्याचं प्रकरण मुलांच्या न्यायालयाकडे जातं. आईचा गुन्हा काय, तर गरिबी. शिक्षा मात्र दोघांना. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

दुसरा टप्पा न्यायालयातला. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसात, मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवून गावी धाडण्याची घोषणा झाली. ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये निकाल दिला: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. निकाल ऐतिहासिक खरा, पण हटवण्याचा अधिकार महापालिकेकडे राहिलाच. मुदत मिळाली ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत. मुदत पावसाकडे बघून ठरली. शाळेचं वर्ष त्या हिशेबात नव्हतं, आणि जूनमध्ये शाळेत घातलेल्या मुलाला दिवाळीच्या सुमारास पाटी-दप्तर उचलायची वेळ येऊ शकत होती.

तिसरा टप्पा २०१५ चा बाल न्याय कायदा. घर किंवा ठावठिकाणा नाही, उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही, अशा मुलाला हा कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणतो. शब्द जवळजवळ १९५९ चेच, हेतू मात्र उलटा. असं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तत्त्व कायद्यातच आहे. तरी सांभाळून राहायला हवं. फूटपाथवर आईच्या कुशीत असलेल्या पोराकडे बघणाऱ्याला आई दिसली नाही, तर संरक्षणाच्या नावाखालीही ताटातूट होते.

सैन्यात दर दोन-तीन वर्षांनी आमची बदली व्हायची. ट्रंका बांधल्या की क्वार्टर रिकामं. तरी माझ्या मुलांना कुणी बेघर म्हटलं नाही. लवकर वा उशिरा पुढचं क्वार्टर मिळणार, आणि केंद्रीय विद्यालयात प्रवेश होणार, हे ठरलेलं असे. बदलीवर जाणाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणूनच ही विद्यालयं १९६३ पासून उभी राहिली. घर हलवताना मुलाचा विचार आधी करणं सरकारला जमतं, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे.

फूटपाथवरच्या पोरासाठीही साधनं आता आहेत. केंद्राच्या २०१३ च्या योजनेत दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा बारमाही निवारा आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र निवारे सुचवले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

म्हणून बेघरांचा कुठलाही कायदा किंवा हुकूम वाचताना मी दोनच प्रश्न विचारतो. आज रात्री मूल आईजवळ असेल का? उद्या सकाळी ते त्याच शाळेत जाईल का? दोन्हींना होकार नसेल, तर रस्ता मोकळा झाला, एवढंच म्हणता येईल. तुमच्या शहरातल्या निवाऱ्यात कुटुंबाला एकत्र राहता येतं का, एकदा जाऊन बघा. जय हिंद.