काचबिंदूची वाट: ग्रेफे ते रोबो

काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो, बहुतेकदा दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरते. यावर कापाकापीचा गुणकारी इलाज आधी सापडला बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांना. एकाएकी उसळणाऱ्या काचबिंदूत परितारिकेचा तुकडा कापला की दाब उतरतो, हे त्यांनी १८५७ मध्ये मांडलं. सावकाश वाढणाऱ्या काचबिंदूला मात्र ही मात्रा फारशी लागू पडेना.

त्यासाठी पाण्याला नवी वाट हवी होती. ती वाट मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात निघाली. रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ मध्ये गोल धारेचं बारीक हत्यार फिरवून बुबुळाच्या कडेला आरपार भोक पाडलं. वर झाकण काय, तर डोळ्याचा पातळ पापुद्रा! कधी पाणी जास्तच वाहून डोळा मऊ पडे, कधी काही वर्षांनी जंतू आत शिरत. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जे. ई. केर्न्स यांनी भोकावर शुभ्रपटलाचंच झाकण टाक्यांनी बसवलं. पाणी डोळ्याच्या मूळच्या नलिकेत जावं, हा त्यांचा बेत. ते झिरपलं पापुद्र्याखाली. पण दाब उतरला आणि ही शस्त्रक्रिया, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, जगभर रुळली.

अलीकडे त्या मूळच्या नलिकेतच इवल्याशा नळ्या बसवतात. नलिका जेमतेम पाव मिलिमीटर रुंद, आणि सरावलेला हातही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका थरथरतो. इथे रोबोची आठवण होते. २०१६ मध्ये ऑक्सफर्डला रॉबर्ट मॅकलारेन यांनी आइंडहोवेनमध्ये घडलेल्या रोबोने जिवंत माणसाच्या डोळ्यात पहिली शस्त्रक्रिया केली. तीत काढलेला दृष्टिपटलावरचा पापुद्रा मिलिमीटरचा शंभरावा भाग जाड होता. सर्जन जॉयस्टिक बरीच हलवतो, सुईचं टोक किंचित सरकतं. थरथर मधेच गाळली जाते. हात काढला तर सुई जागीच थांबते. काचबिंदूसाठी अशी यंत्रं अजून रोजच्या वापरात नाहीत.

ती आली तरी एलियटपासूनचा पेच उरतोच. शरीर जखम भरू बघतं, आणि जखम भरली की वाट बुजते. म्हणून तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी करताना व्रण रोखणारं मायटोमायसिन लावतात. थरथर थांबली म्हणून व्रण थांबत नाही. तेव्हा रोबोची पारख टेबलावरच्या सफाईने नव्हे, तर पाच-दहा वर्षांनी मोजलेल्या दाबाने करावी लागेल.