दहा मिलिमीटर आले कुठून?

इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिसच्या पेशंटचा इको झाला की डॉक्टरांची नजर आधी एका आकड्यावर जाते. झडपेवर धरलेल्या जंतूंच्या गाठीची, म्हणजे व्हेजिटेशनची, लांबी किती? १० मिलिमीटरच्या वर असली की सर्जनला फोन जातो, कारण सुटलेला तुकडा मेंदूच्या धमनीत अडकू शकतो, म्हणजे एम्बोलिझम होऊ शकतो.

१८५२ मध्ये हे कळायचं ते शवविच्छेदनातच. लंडनच्या सेनहाउस कर्क्स यांनी अर्धांगवायूने गेलेल्या एका तरुण बाईची हकीकत छापली: मेंदूतली धमनी बारीकशा गाठीने बुजलेली आणि हृदयाच्या झडपेवर तशाच गाठी. दोन्हींची सांगड त्यांनी घातली. पुढची पिढी पेशंटच्या तळहातावरचे, नखांखालचे डाग शोधू लागली. पण तळहातावर जेनवेचे डाग उमटले, म्हणजे तुकडे आधीच निसटलेले! हा अंदाज नव्हे, पंचनामा.

१९७०च्या दशकात जिवंत माणसाच्या झडपेवरची गाठ इकोत दिसू लागली, आणि दिसली तशी मोजलीही जाऊ लागली. १९८९ मध्ये जर्मनीत म्यूगे आणि सहकाऱ्यांनी १०५ पेशंट तपासले. १० मिलिमीटरहून मोठी गाठ असलेल्या ४७ पैकी २२ जणांत एम्बोलिझम झाला होता. आकडा रुजला तो असा. लहान गाठीच्या ५८ पैकी ११ जणही सुटले नव्हते, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

माझ्या मते खरी कलाटणी १९९१ची. मेयो क्लिनिकच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात दर हजार रुग्णदिवसांमागे १३ एम्बोलिझम होते. अँटिबायोटिकचे दोन आठवडे उलटल्यावर १.२ पेक्षाही कमी. फूटपट्टीइतकंच कॅलेंडरही महत्त्वाचं. म्हणूनच २०१२ मध्ये कोरियात मोठी गाठ असलेल्यांचं ऑपरेशन ४८ तासांत करून पाहिलं. सहा आठवड्यांत त्या ३७ जणांत एकही एम्बोलिझम नाही. नेहमीच्या उपचारांवरच्या ३९ पैकी ८ जणांत झाला.

एम्बोलिझमचा धोका मोजणाऱ्या २०१३च्या फ्रेंच कॅल्क्युलेटरमध्ये लांबी सहांतली एक बाब आहे. बाकीच्या पाच: वय, मधुमेह, एट्रियल फिब्रिलेशन, आधीचा एम्बोलिझम आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

पंधरवड्याने पुन्हा इको केला आणि गाठ १४ वरून ६ मिलिमीटरवर आलेली दिसली, तर औषध लागू पडलं म्हणायचं, की तुकडा गेला? अशा वेळी हुशार डॉक्टर पेढे वाटण्याआधी मेंदूचा आणि पोटाचा स्कॅन मागवतात.