खरेदीखतांतून दिसणारा सीमाभाग

सीमाभागाचा इतिहास म्हटला की आपण मोर्चे, सत्याग्रह आणि महाजन आयोग यांच्याबद्दल बोलतो. पण बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्येही हा इतिहास घडी घालून ठेवलेला आहे. आजोबांचे, वडिलांचे आणि आपले अशी तीन खरेदीखते शेजारी ठेवली, की राज्य, लिपी आणि कर कसे बदलत गेले ते दिसते.

कागदावर मुद्रांक लावून कर घेण्याची युक्ती हॉलंडमध्ये १६२४ साली निघाली. १६९४ मध्ये ती इंग्लंडने उचलली आणि इंग्रजांबरोबर ती आपल्याकडे आली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८९९ चा मुद्रांक कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांनी घरखरेदीची चौकट पक्की केली. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे घर विकायचे तर दस्त नोंदवणे सक्तीचे झाले. म्हणूनच आपल्या अनेक घरांत मोडीत लिहिलेली, चतुःसीमा बारकाईने सांगणारी आणि किंमत रुपये-आण्यांत मांडणारी खते सापडतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कायदे मात्र एका रात्रीत बदलले नाहीत. नवे होईपर्यंत जुनेच चालू राहिले. म्हैसूरचा १९५७ चा मुद्रांक कायदा १ जून १९५८ पासून लागू झाला. मुंबई राज्याने १९५८ मध्ये केलेला स्वतंत्र मुद्रांक कायदा आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. कागदावरचे राज्याचे नाव बदलले, पाठोपाठ उताऱ्याची भाषाही बदलली.

आजचा हिशेब पाहू. बेळगाव शहरात ५० लाखांचे घर घेतले, तर ५ टक्के मुद्रांक शुल्काचे अडीच लाख होतात. त्या शुल्कावर १० टक्के सेस आणि २ टक्के अधिभार, म्हणजे आणखी ३० हजार. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी १ टक्क्यावरून २ टक्के झाली, तिचे एक लाख. एकूण ३ लाख ८० हजार. निपाणीहून कागलला गेले की महाराष्ट्र लागतो. तिथे नोंदणी फी १ टक्का आणि तीही जास्तीत जास्त ३० हजार. शिवाय घर बाईच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत. हद्दीची रेघ अशी थेट खिशातून जाते.

मुद्रांकाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे नाव एका नकोशा कारणानेही आले. बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी खानापूरचा. २००१ मध्ये तो पकडला गेला. त्यानंतर छापील कागदावरचा भरवसा उडाला आणि ई-स्टॅम्पिंग आले.

या इतिहासातून आपल्या घरांसाठी काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शंभर रुपयांच्या बाँडवर प्लॉट घेतल्याने मालकी मिळत नाही. कमी मुद्रांकाचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तो चालवून घ्यायचा तर फरकाच्या रकमेबरोबर दहापट दंड भरावा लागू शकतो. कर भरून दस्त नोंदवला तरी विकणाऱ्याचा हक्क खरा होता की नाही, हे सरकार सांगत नाही. ते मागचे दस्त, उतारा आणि ईसी पाहून आपणच ठरवायचे असते.

आणि इथेच आपली खरी अडचण आहे. आजोबांचे खत मोडीत, ते नातवंडांना वाचता येत नाही. आपले खत कानडीत, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही. वाटणीची वेळ आली की दोन्ही पिढ्या तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून कानडी दस्तावर सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ मराठीत समजून घ्यावी. मोडी वाचणारे अजून आहेत तोवर जुन्या खतांची बाळबोधीत नक्कल करून घ्यावी आणि ती मूळ कागदाशेजारीच ठेवावी. गणपतीला भाऊबंद एकत्र जमतातच. त्यांतली एक दुपार या कामाला दिली, तर पुढच्या पिढीचे अनेक हेलपाटे वाचतील.