‘मध्ये’ या एका शब्दासाठी

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

पत्राच्या किंवा प्रवचनाच्या सुरुवातीला हे संबोधन आपण नेहमी ऐकतो. त्यातला ‘ख्रिस्त’ कानात भरतो, ‘बंधुभगिनी’ जवळचे वाटतात. मधले ‘मध्ये’ मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. पण संत पौल यांची पत्रे उघडून पाहा. ख्रिस्तामध्ये, प्रभूमध्ये, त्याच्या ठायी, असे शब्द पानोपानी भेटतात. ग्रीकमध्ये तो शब्द ‘एन’, लॅटिनमध्ये ‘इन’. ख्रिस्ताच्या मागे चालणे वेगळे आणि ख्रिस्तामध्ये असणे वेगळे. तो फरक या छोट्या शब्दाने होतो.

आज एका धर्मगुरूंची हकिकत सांगायची आहे. ते या ‘इन’च्या मागे लागले, आणि त्या शोधातून धर्मग्रंथांचे शब्द संगणकाला समजावून सांगण्याच्या कामाची सुरुवात झाली.

फा. रोबेर्तो बुसा यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९१३ रोजी इटलीतील विचेन्झा येथे झाला. बेल्लुनोच्या सेमिनरीत त्यांच्या सोबत्यांमध्ये अल्बिनो लुचियानी होते. तेच पुढे १९७८ मध्ये पोप जॉन पॉल पहिले झाले. बुसा १९३३ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १९४० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. प्राध्यापक व्हायला आवडेल का, असे वरिष्ठांनी विचारले तेव्हा त्यांनी मुळीच नाही असे उत्तर दिले. त्यावर वरिष्ठ म्हणाले की, तरीही तुम्हाला तेच व्हायचे आहे. ही आठवण ते स्वतः हसत सांगत. अशा रीतीने आज्ञापालन म्हणून ते अभ्यासाकडे वळले.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘उपस्थिती’. देव माणसात कसा असतो, आत्मा शरीरात कसा असतो, याबद्दल संत थॉमस काय शिकवतात? फादरांनी आधी ‘उपस्थिती’ या अर्थाचे लॅटिन शब्द शोधले. पण हवे ते त्या शब्दांत सापडेना. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की, संत थॉमस हा विचार मोठ्या शब्दांत मांडत नाहीत; तो त्यांच्या साध्या ‘इन’मध्ये दडलेला आहे. आता ‘इन’ कुठे शोधायचा? असल्या शब्दाची नोंद सूचीत कोण ठेवतो? मग फादरांनी संत थॉमस यांचे ग्रंथ वाचत वाचत त्या शब्दाशी संबंध असलेली वाक्ये हाताने कार्डांवर उतरवली. अशी सुमारे १०,००० कार्डे झाली. १९४६ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात प्रबंध मान्य झाला आणि १९४९ मध्ये तो छापला गेला. पण तोवर त्यांच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला होता. एका शब्दासाठी एवढे कष्ट, तर संत थॉमस यांच्या सगळ्याच शब्दांचे काय?

शब्द असे मांडून ठेवण्याचे काम ख्रिस्तसभेला नवे नव्हते. तिसऱ्या शतकात कैसरियाच्या ओरिजेन यांनी जुना करार सहा रकान्यांत शेजारी शेजारी लिहून काढला. पहिल्या रकान्यात हिब्रू, दुसऱ्यात तेच हिब्रू ग्रीक अक्षरांत, पुढच्या चार रकान्यांत ग्रीक भाषांतरे. कुठे मजकूर जास्त आहे, कुठे कमी आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी खुणाही केल्या. ‘हेक्साप्ला’ नावाचा तो ग्रंथ इतका प्रचंड होता की, त्याची पूर्ण नक्कल करणे कोणाला झेपले नाही, आणि मूळ प्रत काळाच्या ओघात नाहीशी झाली. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. पुढे तेराव्या शतकात पॅरिसमध्ये डॉमिनिकन संघाचे ह्यू ऑफ सेंट-शेर यांनी आपल्या मठातील बंधूंना हाताशी धरून लॅटिन बायबलची पहिली मोठी शब्दसूची तयार केली. कोणता शब्द कोणत्या पुस्तकात, कोणत्या अध्यायात, अध्यायाच्या कोणत्या भागात येतो, हे त्यात सापडे. तेव्हा वचनांना क्रमांकच नव्हते. आज आपण वापरतो ते नव्या करारातील वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापले.

फा. बुसा याच वाटेवरचे. फक्त त्यांच्या हाताशी विसावे शतक होते. १९४९ मध्ये ते अमेरिकेला गेले, अनेक विद्यापीठांत चौकशी केली, आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्यासमोर जाऊन बसले. हिशेबासाठी बनवलेली यंत्रे हे काम करू शकणार नाहीत, असे कंपनीच्या माणसांनी वॉटसन यांना आधीच सांगून ठेवले होते. फादरांच्या हातात मात्र त्याच कंपनीचे एक घोषवाक्य होते. कठीण काम आम्ही लगेच करतो, अशक्य कामाला थोडा वेळ लागतो, अशा अर्थाचे. ते त्यांनी वॉटसन यांच्यापुढे ठेवले. वॉटसन हसले आणि मदतीला तयार झाले.

१९५१ मध्ये पहिला नमुना छापून आला. त्यासाठी फादरांनी निवडली होती संत थॉमस यांची उपासनेतील गीते. आराधनेच्या वेळी आपण ज्यांचे ‘तांतुम एर्गो’ गातो, तेच हे संत. म्हणजे यंत्राने तयार केलेली ही पहिली शब्दसूची गायनाच्या शब्दांपासून सुरू झाली.

खरे काम झाले ते उत्तर इटलीतील गाल्लाराते या गावी. तिथे १९५६ मध्ये फादरांनी केंद्र उभारले. तरुण मुली तिथे शिकायला येत आणि ग्रंथातील एकेक ओळ छिद्रांच्या रूपाने कार्डांवर उतरवत. एकीने पाडलेली छिद्रे दुसरी पुन्हा तोच मजकूर टाइप करून तपासत असे. जुळले नाही तर कार्ड बाद. या मुलींना लॅटिन येत नव्हते, आणि फादरांचा अनुभव असा की, त्यामुळेच काम अधिक चोख होई. ज्याला भाषा येते तो नजरेच्या भरवशावर पुढे सरकतो. ज्याला येत नाही तो प्रत्येक अक्षर पाहतो. पुस्तकांवर नाव आले फादरांचे. या मुलींपैकी बहुतेकींची नावे बराच काळ कोणाला माहीतही नव्हती. आपल्याकडेही असेच हात होऊन गेले. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्ती सदनातील मुली व स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई देवाघरी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.

कार्डे पाडून झाली तरी निम्मे काम बाकी होते. लॅटिनमधील ‘एस्त’, ‘सुंत’, ‘फुइत’ ही एकाच ‘असणे’ या क्रियापदाची रूपे आहेत, हे यंत्राला कोण सांगणार? प्रत्येक रूपाला त्याच्या मूळ शब्दाशी जोडून द्यावे लागले. ते काम माणसांनीच केले. सुमारे १ कोटी ६ लाख शब्द! ‘इंडेक्स थोमिस्तिकुस’ नावाने १९७४ ते १९८० या काळात त्याचे ५६ खंड छापले गेले. पुढे ते सीडीवर आले, आणि २००५ मध्ये इंटरनेटवर सर्वांना खुले झाले. फा. बुसा ९ ऑगस्ट २०११ रोजी गाल्लाराते येथे प्रभूकडे गेले. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

पण ‘इन’ची कथा इथे संपत नाही. २००६ मध्ये मिलानच्या कॅथलिक विद्यापीठात पुढचा टप्पा सुरू झाला. शब्द कोणता हे कळले; आता वाक्यात तो कोणाला जोडलेला आहे हे नोंदवायचे. त्यासाठी सुरुवातीला प्राग शहरातील अभ्यासकांची पद्धत वापरली. दुसरीकडे नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठात नव्या कराराचा मूळ ग्रीक मजकूर आणि त्याची लॅटिन, गॉथिक, प्राचीन आर्मेनियन व प्राचीन स्लाव्ह भाषांतील भाषांतरे अशीच मांडली जात होती. पण त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येकाचे काम चोख, तरी एकाचे दुसऱ्याला उघडेना. म्हणून अनेक देशांतील अभ्यासकांनी मिळून एक समान पद्धत ठरवली. तिचे नाव ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’. २०१५ च्या जानेवारीत तिचा पहिला संग्रह आला तेव्हा त्यात दहा भाषा होत्या. आता शंभराहून अधिक आहेत.

ही पद्धत दिसायला अगदी साधी आहे. साधी मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीवर एक शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढे ठरलेले रकाने. एकूण दहा. वाक्यातील क्रमांक, शब्दाचे रूप, मूळ शब्द, शब्दाची जात, लिंग-वचन-विभक्ती, तो कोणत्या शब्दाला जोडलेला आहे, कोणत्या नात्याने, वगैरे. वाक्य संपले की एक ओळ रिकामी. ओरिजेन यांच्या सहा रकान्यांचा हा दूरचा वंशज म्हणायला हरकत नाही.

जुन्या पद्धतीतील काम या नव्या साच्यात आणताना ते पुन्हा हाताने करावे लागले नाही. त्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले गेले. इथे आपला ‘इन’ पुन्हा भेटतो. प्रागच्या पद्धतीत ‘इन’सारखा शब्द वर असे आणि नाम त्याच्या हाताखाली. नव्या पद्धतीत उलटे; नाम वर आणि ‘इन’ त्याच्या आधाराला. म्हणजे प्रोग्रॅमने अशी प्रत्येक जागा शोधायची, धागा सोडवायचा, उलटा बांधायचा, आणि हे करताना एकही शब्द सांडू द्यायचा नाही.

आता हेच आपल्या मराठीत पाहू. ‘शिष्य नावेत बसले.’ वाक्य तीन शब्दांचे. साच्यात मात्र ओळी चार होतात, कारण पूर्णविरामालाही स्वतःची ओळ मिळते! ‘बसले’ची ओळ मुख्य, ‘शिष्य’ त्याला कर्ता म्हणून जोडलेला, ‘नावेत’ स्थळ दाखवणारा. ‘नावेत’चा मूळ शब्द ‘नाव’. पण प्रभूच्या ‘नावात’ सामर्थ्य आहे असे आपण म्हणतो, तिथेही मूळ शब्द ‘नाव’च! एक होडी, एक नाम. माणूस वाचताच ओळखतो. यंत्राला ते कसे कळावे? रकान्यात लिंग लिहिले की कळते. होडी स्त्रीलिंगी, नाम नपुंसकलिंगी. आणि दोन्ही शब्दांच्या शेवटी असलेला तो ‘त’? शाळेत घोकलेले आठवा, सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ. आपला ‘इन’ तोच. लॅटिनमध्ये तो वेगळा उभा राहतो. मराठीत बहुधा नामाला चिकटून, त्याच्या आत जाऊन राहतो.

साधा मजकूर घेऊन असे रकाने आपोआप भरून देणारी सॉफ्टवेअर आता मोफत मिळतात. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाचे ‘यूडीपाइप’ हे त्यांपैकी एक. त्यात मराठीही आहे. पण ज्या मराठी वाक्यांवरून ते शिकले, त्यांचा संग्रह फार लहान आहे. म्हणून त्याच्या चुका माणसालाच दुरुस्त कराव्या लागतात. गाल्लारातेच्या मुलींचे काम अजून संपलेले नाही.

हे आपल्याला कशाला हवे, असे कोणी विचारेल. उत्तरासाठी गोव्यात जाऊ. येशूसंघाचे फा. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज ज्ञात नाही. पुराण वाचले ते भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्या नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुस्तक निघाले, आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती आली. हातातून हातात, लिपीतून लिपीत गेले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. ओरिजेन यांचा ग्रंथ एकाच जागी राहिला आणि हरवला.

आमच्या बेळगाव भागात मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत प्रार्थना होतात. जुन्या प्रार्थनापुस्तिका, गायनांच्या वह्या, नोवेनांची पत्रके घरोघरी पेट्यांत आहेत. काही तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर उतरवलेलीही आहेत, पण त्या काळच्या फॉन्टमध्ये. आज फाइल उघडली की नुसती अगम्य चिन्हे दिसतात. शब्द आहे आणि वाचता येत नाही!

तेव्हा एक विनंती. आपल्या धर्मग्रामातील फादरांच्या परवानगीने अशी एखादी पुस्तिका हाती घ्या. नुसता फोटो काढून थांबू नका, युनिकोडमध्ये टाइप करा. एकाने टाइप करावे, दुसऱ्याने मूळ पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एका ओळीवर एक वाक्य ठेवा, पानाचा क्रमांक लिहा, मजकूर साध्या फाइलमध्ये जपा. पुढे कोणी सॉफ्टवेअरने त्याचे रकाने पाडील, कोणी शब्दसूची करील. आपल्या हातून पहिली पायरी झाली तर त्यांना वाट मिळेल. घरातील शाळकरी मुले यात आपल्याहून पटाईत असतात. त्यांना बरोबर घ्या.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात धर्मशास्त्रातील लहानात लहान अक्षराचीही किंमत सांगितली आहे (मत्तय ५:१८). फा. बुसा यांनी त्या लहान अक्षराला तीस वर्षे दिली. येत्या रविवारी बायबल उघडाल तेव्हा योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचा, वेल आणि फांद्यांचा. वाचताना पेन्सिल घ्या आणि ‘मध्ये’, ‘ठायी’, ‘त’ हे जिथे जिथे येतात तिथे हलकी खूण करा. मग त्या खुणा एकदा मोजा, आणि प्रभू आपल्याला कुठे राहायला बोलावतो आहे याचे थोडा वेळ मनन करा.

त्याच्यामध्ये राहण्याची कृपा तो आपणां सर्वांना देवो. आमेन.