शाळेतला हात: वर्ध्यापासून मानखुर्दपर्यंत

हाताने करावयाच्या कामाला आपल्या शालेय इतिहासात जितकी नावे मिळाली, तितकी क्वचितच दुसऱ्या विषयाला मिळाली असतील. मूलोद्योग, कार्यानुभव, समाजोपयोगी उत्पादक कार्य, आणि अलीकडच्या संशोधकांच्या भाषेत आराखडा व तंत्रज्ञान. भाषेच्या अभ्यासकांना या नामांतरांची मौज वाटावी; आम्हांला मात्र त्यांच्यामागे एकच न सुटलेला प्रश्न दिसतो. मुलाने काय घडवायचे, हे ठरवायचे कोणी?

प्रश्नाची मुळे वर्ध्याच्याही आधीची आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी ग्रामीण शाळांतून शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि शाळेला जोडून लहानसे नमुना-शेत असावे, असे सुचविले होते. ज्या समाजात हात एका जातीचे आणि पोथी दुसऱ्या जातीची, तेथे या मागणीचा अर्थ केवळ अभ्यासक्रमाची सुधारणा एवढाच नव्हता. शेतकऱ्याच्या घरातले ज्ञान शाळेत शिकवण्याजोगे आहे, हे मान्य करून घेण्याची ती मागणी होती.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींची कल्पना अशी की टकळी, सुतारकाम, शेती यांपैकी एखादा उद्योग मध्यभागी ठेवावा आणि गणित, इतिहास, भूगोल त्यातूनच शिकवावे. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे वेळापत्रक आखले, त्यात साडेपाच तासांच्या शाळेतील तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिली होती. आजच्या शिक्षकाला हा आकडा अविश्वसनीय वाटेल. शिवाय मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, अशीही अपेक्षा होती. परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी हरकत घेतली की शाळांचा असा माल बाजारात आला तर पोटासाठी तेच काम करणाऱ्या कारागिराशी त्याची स्पर्धा होईल. आम्हांला ही हरकत आजही वजनदार वाटते. पण तिच्याहून मोठी उणीव निराळी होती. सूत किती काढले हे मोजता येत होते; टकळी अशीच का असावी, तिची चाती जड केली तर काय होईल, असे विचारण्यास मूल मोकळे असेलच, याची हमी त्या वेळापत्रकात नव्हती. हाताला प्रतिष्ठा मिळाली, पण निर्णय हाताबाहेरच राहिला.

पुढची कथा लवकर सांगता येते. ‘जीवन शिक्षण’ ही अक्षरे अनेक जिल्हा परिषद शाळांच्या पाट्यांवर राहिली, टकळ्या गेल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव सुचविला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याचे लांबलचक नवे बारसे केले, आणि बऱ्याच शाळांत तो तास कागदी फुलांचा, भरतकामाचा, किंवा राहिलेला गणिताचा धडा पुरा करण्याचा झाला.

म्हणूनच पाबळचा प्रयोग वेगळा ठरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. मुंबईतील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले येथे वेल्डिंग शिकत, विहिरीची जागा शोधण्यासाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजत, घुमटाकृती घरे उभारीत. पुढे शाळांसाठी आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम तयार झाला: आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. काम गावाच्या गरजेचे, आणि गावाने त्याचा मोबदला द्यायचा. वर्ध्याच्या स्वावलंबनाचा येथे पुनर्जन्म झाला असे कोणी म्हणेल, परंतु फरक सूक्ष्म आहे. सूत विकत घेणारा बाजार दूर आणि निनावी असतो. शेजाऱ्याच्या घराचे गेट नीट बसले नाही तर शेजारी दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो. चूक कोठे झाली हे मुलाला स्वतःच शोधावे लागते. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब आली, तीही याच परंपरेत सामावली. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू राहिला.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी प्रश्नाला थेट हात घातला. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी माध्यमिकपूर्व वयाच्या मुलांना तीन कामे दिली: पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती, आणि बाहुल्यांचा खेळ. शहरी मराठी, शहरी इंग्रजी आणि आदिवासी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांतील मुले गटाने बसून आधी बोलत, मग चित्र काढीत, मापे लिहीत, लागणाऱ्या साहित्याची यादी करीत, आणि त्यानंतर कात्रीला हात लावीत. शेवटी स्वतःच्या आणि दुसऱ्या गटाच्या वस्तूचे मूल्यमापनही मुलेच करीत.

साहित्याच्या वर्गात या प्रयोगाची चर्चा व्हावी असे आम्हांला वाटते, ते भाषेमुळे. न घडलेली वस्तू गटातील चौघांना सारखीच दिसावी, म्हणून मुलाला ती शब्दांत आणि रेषांत आधी उभी करावी लागते. पाते किती तिरके, दोरा कोठे गुंडाळायचा, हे ‘असं असं’ म्हणून हातवारे करून भागत नाही. निबंधाच्या वहीत ज्याच्याकडून चार ओळी निघत नाहीत, त्यालाही येथे सूचना लिहावी लागते, आणि तिचा पहिला वाचक शिक्षक नसून शेजारी कात्री घेऊन बसलेला सोबती असतो.