वर्गांतराचे अवयव

बीजगणितातील एक मूलभूत सूत्र. दोन राशींच्या वर्गांची वजाबाकी ही त्या राशींची बेरीज आणि वजाबाकी यांच्या गुणाकाराएवढी असते : अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). महाराष्ट्रात ते माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर भेटते आणि बहुधा पाठांतरातच अडकून पडते. त्याची कमाई कळते ती मोठ्या संख्यांशी गाठ पडल्यावर.

भाताच्या २५ मीटर बाजूच्या चौरस खाचरातून कोपऱ्याचा ५ मीटरचा चौरस वगळला, तर ६२५ − २५ = ६०० चौरस मीटर उरतात. या उरलेल्या भागातला २० × ५ चा पट्टा कापून २५ × २० च्या तुकड्याला लावला की ३० × २० चा आयत होतो. सूत्राची सिद्धता एवढीच.

रायगडच्या किनाऱ्यावर, थळसमोरच्या खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. तिथला दिवा समुद्रसपाटीपासून ५० मीटरवर धरला, तर क्षितिज किती दूर? पृथ्वीची त्रिज्या त्र आणि उंची उ घेतल्यास पायथागोरसप्रमाणे अंतराचा वर्ग (त्र + उ)² − त्र². त्र म्हणजे ६,३७१ किलोमीटर. तेव्हा चार कोटींच्या घरातले दोन वर्ग काढून वजा करावे लागतील. अवयव पाडले की उरते उ(२त्र + उ), म्हणजे ०.०५ × १२,७४२.०५, सुमारे ६३७. वर्गमूळ २५ किलोमीटर. (हवेतील वक्रीभवनामुळे प्रत्यक्षात दिवा थोडा अधिक लांबून दिसतो.)

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) हाच नियम काटकोन त्रिकोणाला लावला आहे. ३२ हात उंचीचा वेळू मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. कर्ण आणि उभी बाजू यांची बेरीज ३२. १६ च्या वर्गाला ३२ ने भागून त्यांचे अंतर ८. म्हणून वेळू १२ हातांवर मोडला.

अलिबागजवळच्या नागावचे गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–८४) यांच्या काळात आकडेमोड हाताने, लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर चाले. कोष्टकांनी गुणाकाराची बेरीज होते, वजाबाकी मात्र सोपी होत नाही. म्हणून वर्गांतर दिसले की गणक आधी अवयव पाडत.

अवयव पाडताना सामाईक अवयव प्रथम काढावा : २७क² − ७५ख² = ३(९क² − २५ख²) = ३(३क + ५ख)(३क − ५ख). क⁴ − १६ मध्ये विद्यार्थी (क² + ४)(क² − ४) वर थांबतात. दुसऱ्या कंसाचे पुन्हा (क + २)(क − २) होतात. क² + ४ ला वास्तव सहगुणकांचे अवयव नाहीत. क⁴ + ४ ला मात्र आहेत, कारण ती राशी (क² + २)² − (२क)² अशी मांडता येते : (क² + २क + २)(क² − २क + २).