आरोग्यसेवा, सार्वत्रिक : राजकीय अडसर (भवानीनगर परिसर)

कोणालाही, ऐपत न पाहता, जवळच्या दवाखान्यात पुरेसे उपचार मिळणे म्हणजे सार्वत्रिक आरोग्यसेवा. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये तिचा आराखडा मांडला. तो केवळ पैशाअभावी अडला नाही. ज्यांचा आवाज मोठा त्यांची सोय वेगळी लावली गेली आणि उरलेल्यांसाठी भांडणारे कोणी राहिले नाही, हे त्यामागचे खरे कारण. इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथे, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, हे उघड दिसते. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगारांना दवाखाना दिला, पण हंगामी कारखाने वगळले. साखरधंदा त्यांतच मोडतो. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद कायम ठेवला. ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. आगाऊ उचल घेऊन मुकादमामागे आलेली कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, फडाजवळच्या कोपीत राहते आणि दुखण्यापायी दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. त्यांचे मत गावाकडे, बहुधा मराठवाड्यात. इथल्या आमदाराला त्यांच्या नाराजीची झळ लागत नाही. तिकडच्या आमदाराचे इथल्या आरोग्य केंद्रावर काही चालत नाही. या पोकळीची किंमत बायका मोजतात : २०१९ मध्ये या मजूर महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या आकडेवारीनुसार बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मग उरले काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. अंगावरून पांढरे जात असताना वेळीच तपासणारी परिचारिका आणि औषधे मजुरांच्या तळावर पोचली, तर पुढची कित्येक ऑपरेशने टळतील. परिचारिकेच्या अशा फेरीची तरतूद विम्यात नसते. योजनेच्या कार्डावर नेत्याचे छायाचित्र छापता येते, परिचारिकेच्या नियमित भरलेल्या पदावर नाही, म्हणून राजकारणाला कार्ड सोयीचे पडते. पैसा नाही, हा दुसरा आक्षेपही पुरता टिकत नाही. जिथे मतदार आणि नेतृत्व दोन्ही भक्कम, त्या बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, तेही मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी तर गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून वर्गणी ठरली आहे. तळावरच्या दवाखान्याची अट गाळप परवान्यातच घालता येईल. पण परवाना देणारे सरकार आणि कारखान्यांची संचालक मंडळे अनेकदा एकाच राजकीय वर्तुळातली असतात.